सोनाळ्याची चिठ्ठी

"मॅडम, हलू नोका... मांगं पाहू नोका."

सोनाळ्यातल्या संत्र्याच्या बगीच्यात मी माईक धरून उभी होते. खामगावच्या केबल चॅनेलची वार्ताहर मीच, आणि दुपारच्या बातम्या वाचणारीही मीच. शिवारात अस्वल शिरल्याची बातमी करायला आम्ही आलो होतो. समोर कॅमेरा धरलेला कुलदीप पांढराफटक पडला होता. त्याच्या शेजारचा वनरक्षक माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

मागे पाचोळा वाजला. ओला, उग्र वास आला.

वनरक्षक दोन पावलं पुढे आला आणि माझं मनगट धरून त्यानं मला हळूच आपल्याकडे ओढलं.

"श्वास काऊन रोकून राह्यल्या? घ्या ना..."

अस्वल नाल्यात उतरलं. मनगट मात्र त्यानं सोडलं नव्हतं.

"टीव्हीवर तर तुमी कोणालेच भेत नाई!"

"तिथं अस्वल नसतं!"

तो हसला. धम्मरत्न त्याचं नाव.

मग जंगलाकडच्या बातम्या तो मला फोनवर कळवू लागला. हळूहळू बातमी नसतानाही फोन येऊ लागले.

"आज 'सोनाळा' म्हणताना तुमी हसल्या, प्रतीक्षा मॅडम."

"मी? अहो, बातमी पाणीटंचाईची होती!"

"म्हणून तं विचारून राह्यलो..."

मी हसायचे, पण तो जंगलात शिरला की त्याचा फोन लागायचा नाही, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. हातात फक्त काठी घेऊन फिरायचा हा माणूस!

एकदा मी विचारलंच, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण अस्वलाची नाई..."

"मग?"

"तुमी मले 'नाई' म्हणसान, त्याची."

"माझी बातम्यांची वेळ झाली," मी म्हणाले. "बरं..." म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी थेट बातमीपत्र सुरू असताना आमचे संपादक नीळकंठ सर वाकून आले आणि त्यांनी टेबलावर चिठ्ठी सरकवली. मी वाचू लागले — "सोनाळा परिसरात अस्वलाच्या हल्ल्यात वनरक्षक गंभीर जखमी..."

नाव नव्हतं.

सोनाळ्याच्या जंगलात वनरक्षक तीन. माझे ओठ पुढचं वाक्य वाचत होते. कापसाचे भाव, नळाचं पाणी, हवामान... सात मिनिटं. लाल दिवा विझताच मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

जखमीला खामगावच्या दवाखान्यात आणत होते. मी आणि कुलदीप फाटकाशी पोहोचलो, तेवढ्यात अॅम्ब्युलन्स आत शिरली. दार उघडलं. स्ट्रेचरवरून आधी एक रक्ताळलेला हात लोंबकळताना दिसला... मग पिकलेल्या मिशा. पुंजाजी, त्याच्यासोबतचा वयस्क वनरक्षक. आणि त्यांच्या मांडीवर कापड दाबून धरलेला धम्मरत्न.

मला आनंद झाला. त्या क्षणी, पुंजाजींच्या बायकोचा आक्रोश कानावर येत असताना, मला आनंद झाला. माझी मलाच लाज वाटली.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. जिवाचा धोका टळला होता. धम्मरत्न भिंतीला टेकून खाली बसला. कुलदीपनं विचारलं, "मॅडम, यांची प्रतिक्रिया घ्यायची?"

मी माईक त्याच्या हातात दिला आणि धम्मरत्नशेजारी फरशीवर बसले.

"उद्या परत जंगलात जाशील?"

"जा लागते."

"जा मग. पण बाहेर आला की पयला फोन मले करजो. आईले नाई, साहेबाले नाई... मले."

टीव्हीवर कधी न बोललेली माझ्या घरची बोली तोंडून निघून गेली होती. तो बघतच राहिला.

"म्हणजे तुमी... हो म्हणून राह्यल्या?"

"हाव," मी म्हणाले, आणि दुपारपासून दाबून धरलेलं रडू तेव्हा कुठे फुटलं.