बीव्हर क्रीकच्या निवाऱ्यात जागा

"वेन कंगासला त्या शनिवारी फक्त एक वही आणायची होती," रेनोकाका म्हणाले आणि त्यांनी शेकोटीतलं लाकूड बुटानं आत सरकवलं.

डोंगरातल्या जंगल-पार्कच्या मोटारतळाशेजारच्या कॅम्पात रेनो हाऊताला हे मे ते ऑक्टोबर यजमान म्हणून राहतात. जळण विकतात, अस्वलांपासून वाचवायला खाणं उंच कसं टांगायचं ते दाखवतात, आणि रात्री कुणी शेकोटीपाशी बसलंच तर बोलतात. आज दोघं बसले होते. कोल्टन आणि टेरा, दोघंही कॉलेजातले. सकाळी ते बीव्हर क्रीक ओढ्याकाठच्या निवाऱ्याकडे निघणार होते. कोल्टननं आपली सॅक ताणकाट्यावर तोलली होती आणि एकवीस पाउंड हा आकडा संध्याकाळपासून तीनदा सांगून झाला होता.

"कसली वही?" टेरानं विचारलं.

"निवाऱ्यातली. येणारा-जाणारा लिहितो ना, पावसानं झोडपलं, उंदरानं चीज पळवलं, तसली. बर्फ पडायच्या आधी ती खाली आणायची आणि एप्रिलमध्ये नवी ठेवायची. तो निवारा वेननं दत्तक घेतलाय. दत्तक म्हणजे पगार नाही, नावाची पाटी नाही. आठ मैल चढून जायचं, छपराचे खिळे ठोकायचे आणि आठ मैल उतरायचं. तीस वर्षं ओळखतो मी त्याला. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. 'बरंय' एवढं बोलायलासुद्धा त्याला अर्धा कप कॉफी लागते. तिखटमीठ लावणं त्याला जमत नाही. त्यानं मला जे सांगितलं तेच सांगतो. दोन हजार तेवीस, चौदा ऑक्टोबर."

कोल्टननं टेराकडे बघून डोळा मारला. रेनोकाकांनी तो बघितला आणि सोडून दिला.

*

वेनबरोबर त्याची मुलगी सिल्वी होती. एकोणीस वर्षांची, एकुलती एक. ती तेरा वर्षांची असताना आई गेली आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरला बापलेक वही आणायला जायचे. त्या वर्षी सिल्वी पहिल्यांदाच कॉलेजातून आली होती. केस कापलेले, मतं पक्की झालेली, आणि पाठीवर उशीएवढी सॅक.

"बाबा, ही सॅक आहे की तुझा ट्रक?" तिनं वाटेच्या सुरुवातीलाच विचारलं.

"ट्रकला हीटर असतो. तुझ्या त्या डब्याच्या पिशवीत काय आहे?"

"सगळं. अकरा पाउंडांत. टूथब्रशचा दांडासुद्धा कापलाय."

"दात तरी सगळे आणलेस ना?"

वेनकडे लष्करी मालाच्या दुकानातली जुनी स्लीपिंग बॅग होती. पाच पाउंडांची, ओली झाली तरी ऊब धरणारी. सिल्वीची पिसांची होती, कुणाकडून तरी वापरलेली घेतलेली, मुठीत मावेल एवढी. तिच्या चिठ्ठीवर वीस अंश फॅरनहाइट लिहिलं होतं.

"वीस म्हणजे वीस अंशांना मरणार नाहीस एवढंच," वेन म्हणाला. "झोप लागेल असं नाही लिहिलेलं."

"बाबा, ही सगळी भीती विकलेली आहे आपल्याला. माणूस घाबरला की खरेदी करतो. मग डोंगरात कोण जाणार? ज्याच्याकडे हजार डॉलर जास्तीचे आहेत तो. बाकीच्यांनी काय फोटो बघायचे?"

ती बरोबर बोलतेय असं वेनला वाटलं आणि त्याचाच त्याला राग आला. "फोटोत थंडी वाजत नाही," तो म्हणाला. मग थोडं चालून, "सॅकच्या आत प्लास्टिकची पिशवी घातलीस ना? पिसं भिजली की संपलं."

"हो," सिल्वी म्हणाली.

पिशवी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. तीन औंस वाचवले होते तिनं.

दोनला पाऊस सुरू झाला. पाचपर्यंत नुसता ओतत होता.

निवारा तसा साधाच. तीन बाजूंनी ओंडक्यांच्या भिंती, चौथी बाजू ओढ्याकडे सताड उघडी. जमिनीपासून फूटभर उंच फळ्या, त्यावर सहा जण शेजारी शेजारी झोपू शकतात. त्या दिवशी दुसरं कुणीच नव्हतं. वेननं शेवया उकळल्या, हरणाच्या मांसाचं सॉसेज कापलं, राय धान्याच्या पावाचा मोठा तुकडा तिला दिला. सॅकच्या चेनला लटकवलेला छोटा तापमापक छत्तीस दाखवत होता. पाणी बत्तीसला गोठतं.

सिल्वीनं त्याच्याकडे पाठ करून घाईघाईनं स्लीपिंग बॅग पसरली. पिसांचे गोळे झाले होते, ओल्या कणकेसारखे. ती मुकाट्यानं आत शिरली.

"गार लागतंय का?"

"नाही."

खरं सांगितलं असतं तर वेन रागावला नसता. फक्त एकदा बघितलं असतं त्यानं तिच्याकडे. तिला ते बघणं नको होतं.

साडेआठला दोघं झोपले. वेन भिंतीला, त्याच्या उजव्या हाताला सिल्वी. तिच्यापलीकडच्या फळ्या रिकाम्या.

दहा चाळीसला आवाज आला.

"जागा आहे?"

बाईचा आवाज. दमलेला.

इथं कोल्टन म्हणाला, "आणि त्यांनी विचारलं नाही कोण आहे म्हणून?"

"तू उद्या वर जातोयस ना?" रेनोकाका म्हणाले. "मग ऐकून ठेव. पावसात निवाऱ्यावर आलेल्याला नाही म्हणत नाहीत. सहाच्या जागेत मी दहा जण झोपलेले बघितलेत, एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. कुठं लिहिलेलं नाही हे. पण कुणी आलं की सरकायचं. डोळे न उघडता सरकायचं. वेननं तेच केलं."

"ये, आहे जागा," वेन झोपेतच म्हणाला. त्यानं सिल्वीला कोपरानं ढोसलं. दोघं भिंतीकडे सरकले. फळी करकरली. सिल्वीच्या पलीकडे कुणीतरी आडवं झालं.

वेनचा डोळा परत लागला. पण काहीतरी टोचत राहिलं. काय ते त्याला झोपेत कळेना. आठ मैल चालून आलेला माणूस निवाऱ्यात शिरला की पहिल्यांदा सॅक टाकतो. धप्प आवाज होतो. मग कण्हतो, रेनकोट झटकतो, टॉर्च सगळ्यांच्या तोंडावर मारतो, माफी मागतो. मग चेन... स्टोव्ह... खुडबुड.

यातलं काहीच झालं नव्हतं. नुसते पाय वाजले होते फळ्यांवर. अनवाणी.

पट. पट. पट.

दोन वाजून दहा मिनिटांनी वेन खाडकन जागा झाला.

कशानं, ते आधी कळलं नाही. पाऊस थांबला होता. आभाळ उघडून चांदण्या दिसत होत्या, म्हणजे थंडी आता खरी उतरणार. पण त्या शांततेत आणखी एक शांतता होती. झोपेत इतका वेळ एक बारीक आवाज त्याच्या कानावर येत होता. कटकट, कटकट. सिल्वीचे दात वाजत होते. तो आवाज आता बंद झाला होता.

वेन बावीस हिवाळे रस्त्यावर काढलेला माणूस. बर्फात अडकलेल्या गाड्यांमधून त्यानं माणसं काढली आहेत. कुडकुडणारा माणूस वाचतो हे त्याला ठाऊक होतं. कुडकुडायचं थांबलेला...

अंधारात कुणीतरी कुजबुजलं.

"गरम होतंय ना?"

"हो," सिल्वी म्हणाली.

"मग काढ."

वेननं टॉर्च लावला.

सिल्वी बसली होती. अंगात एक पातळ बनियन. जाकीट, स्वेटर, मोजे, सगळं काढून शेजारी नीट घड्या घालून ठेवलेलं. जन्मात कधी घडी न घालणारी मुलगी. तिचे ओठ निळे होते आणि ती हसत होती.

"बाबा, हीटर बंद कर ना," ती म्हणाली.

तिच्या पलीकडे कुणी नव्हतं.

वेननं तिला उचललं. भिंतीकडे, आपल्या जड बॅगेत कोंबलं. तेव्हा हाताला तिची बॅग लागली. गच्च ओली. हातात धरून तो क्षणभर तसाच थांबला. मग ती ओढ्याकडे भिरकावली. आपली लोकरीची टोपी तिच्या डोक्यावर. स्टोव्ह. काडी विझली. दुसरी विझली. तिसरी पेटली. पाणी उकळलं, जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, बाटली मोज्यात घातली, मोजा तिच्या छातीशी. साखरेचं गरम पाणी घोट घोट. निम्मं हनुवटीवरून ओघळलं.

"गीळ. सिल्वी. गीळ, बाळ."

ती झटापट करत होती. तिला बाहेर यायचं होतं. तिला गरम होत होतं.

वेननं चेन तिच्या गळ्यापर्यंत ओढली आणि तो मधे बसला. लेक भिंतीकडे. रिकाम्या फळ्या त्याच्या उजव्या हाताला. तापमापक चोवीस.

त्याच्या उजवीकडची फळी करकरली.

"तुलाही होतंय ना?"

अगदी कानाशी. श्वास नव्हता त्या आवाजाला. वेननं मान वळवली नाही.

आणि त्याला घाम फुटला.

कपाळावर. पाठीवर. लोकरीचा शर्ट विस्तवासारखा लागायला लागला. कॉलर आवळायला लागली. त्यानं वरचं बटण काढलं. बरं वाटलं. दुसरं काढलं. फार बरं वाटलं...

तापमापकावर नजर गेली. तेवीस.

त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. अंग म्हणत होतं जळतंय. काटा म्हणत होता गोठतंय. वेननं काट्यावर विश्वास ठेवला. बटण लावायला लागला. बोटं ऐकेनात. दातांनी कॉलर धरली. एक लावलं.

"तेवीस," तो मोठ्यानं म्हणाला.

"काढ."

"तेवीस."

"तिचं उघड. बघ, तिला किती गरम होतंय."

मागं सिल्वी हळूच म्हणाली, "बाबा, तिला येऊ दे ना आत. मी सरकते."

आणि ती सरकायला लागली. बॅगेसकट. भिंतीकडे. मधे एका माणसापुरती जागा झाली.

वेनला काय म्हणायचं ते कळत होतं. तोंडातून निघत नव्हतं. तीस वर्षं तो त्या डोंगरात होता. त्याच्याआधी त्याचा बाप होता तिथं. दोघांनीही ते कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

"जागा नाही," तो म्हणाला.

...

"इथं जागा नाही."

ओढासुद्धा ऐकू येईना. मग तो आवाज. आता त्यात कुजबुज नव्हती. थकलेल्या बाईचा साधा आवाज.

"बाहेर पाऊस आहे."

बाहेर चांदण्या होत्या.

"मी कुठं जाऊ?"

वेन रडत होता. त्यानं मला हे सांगितलं तेव्हाही... असो. त्यानं लेकीला पाठीशी घट्ट दाबून धरलं आणि तेच म्हटलं. "जागा नाही."

पट.

पट.

पट... गवतावर गेल्यावर आवाज थांबला.

चार वाजता सिल्वी कुडकुडायला लागली. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळं अंग, दात एकमेकांवर आपटत. वेन सांगतो, आयुष्यात इतका गोड आवाज त्यानं ऐकला नाही.

*

शेकोटी बसत आली होती. कुणी लाकूड घातलं नाही.

"कोण होती ती?" टेरानं विचारलं.

"माहीत नाही. पार्कच्या नोंदी मी स्वतः चाळल्यात, कचेरीत बसून, पहिल्या वर्षापासूनच्या. त्या निवाऱ्यात कुणी मेलेलं नाही. त्या ओढ्यावरही नाही."

"पण थंडीत भास होतात, काका," कोल्टन म्हणाला. त्याचा आवाज जरा वर गेला होता. "गोठणाऱ्या माणसाला गरम होतं. कपडे काढतात. हे शास्त्रात आहे. दोघंही गोठत होते."

"होतात की. वेनही तेच म्हणतो." रेनोकाकांनी रिकामा मग उलटा करून झटकला. "दिवसा म्हणतो."

"आणि सिल्वी?"

"ठणठणीत. दोन दिवस इस्पितळात होती, बोटंबिटं सगळी शाबूत. तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही. वेनची जड बॅग आता तीच वापरते, आणि तो तिला त्यावरून एक शब्द बोलत नाही."

रेनोकाकांनी मग खाली ठेवला. पुढचं सांगावं की नाही असं त्यांच्या मनात चाललं असावं.

"त्या जानेवारीत मी त्यांच्याकडे कॉफीला गेलो होतो. दुपारी तीनची वेळ. आपल्याकडे पडतो तसा बर्फ पडत होता, जाड, सावकाश. सिल्वी अंगणात फावडं घेऊन वाट मोकळी करत होती. मी आणि वेन खिडकीशी. तिची टोपी पांढरी झाली, पाठ पांढरी, दोन्ही बाह्या पांढऱ्या. डावा खांदा तेवढा काळा. मला वाटलं, झटकला असेल. बघत राहिलो. बर्फ पडत होता आणि तिथं पडला की विरघळत होता. जागा तळहाताएवढी. तिला चार लांब रेघा होत्या, आणि कडेला एक आखूड."

टेरानं स्वतःचा तळहात उघडून बघितला.

"मी वेनकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना. तेवढ्यात सिल्वी आत आली. म्हणाली, बाबा, हे जाकीट खांद्यावर गळतंय वाटतं, आतून ओलं झालंय. तिनं ते खुंटीला लावलं, वेनचं मेणकापडाचं जाकीट अंगात घातलं आणि परत बाहेर गेली."

रेनोकाका उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू.

"आम्ही दोघं कॉफी थंड होईपर्यंत उभे होतो. त्या जाकिटाचंही बाकी सगळं पांढरं झालं."