रोज तीन मिलिमीटर

मिरजेच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत ऋजुताने टेबलावर फिरत्या घराचा आराखडा पसरला, तेव्हा डॉ. फरहाना मुजावरांनी चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं ते भिंतींबद्दल.

ऋजुताचा नवरा तन्मय पवनचक्क्या दुरुस्त करायचा. पुढच्या वर्षापासून त्याला दोन वर्षं एका पठारावरून दुसऱ्या पठारावर जात राहायचं होतं, आणि पाच वर्षांच्या सईला घेऊन तिघांनी चाकांवरच संसार थाटायचं ठरवलं होतं. प्रश्न होता तो त्याच्या आईचा. वैजयंतीबाईंची स्मृती विरत चालली होती. घराबाहेर पडल्या की त्या हरवत, स्वतःच्या खोलीत मात्र बिनचूक वावरत. सोबत येणं जमलं नाही तर वृद्धनिवास. तन्मय एक वृद्धनिवास बघून आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

"मेंदूत स्थानपेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या. "पलंगापाशी एक जागी होते, नळापाशी दुसरी. भिंती किती लांब आहेत यावरून त्या जागा ओळखतात. त्या सगळ्यांचा मिळून खोलीचा नकाशा होतो. घर बदललं की आपला मेंदू नवा नकाशा काढतो. वैजयंतीताईंना तो आता काढता येत नाही."

"म्हणजे त्या आमच्याबरोबर राहू शकणार नाहीत?"

"नवा काढता येत नाही, पण जुना ओढता येतो. भिंत एकदम हलवली तर नकाशा फाटेल. कळणार नाही इतकी हळू हलवलीत, तर तो भिंतीबरोबर सरकेल."

किती हळू, याचं उत्तर निघालं रोज तीन मिलिमीटर. खोली अकरा फूट रुंद होती, रस्त्यावर आठच फूट चालणार होते. तीन फुटांना दहा महिने.

गाडी मुळात सहलीसाठी बनवलेली. गुबगुबीत सोफे आणि नावापुरती कपाटं. मोठं घर पोकळ वासा म्हणावं, तर घरही मोठं नव्हतं. ऋजुता स्वतः अभियंता. तिने आतलं सगळं उखडून टाकलं, एका बाजूला सरकभिंत बसवली आणि ती बाहेर ओढून सासूबाईंची खोली जशीच्या तशी उभी केली. तशाच मापाचा पलंग, खिडकी तिथेच, नळही तिथेच. भिंतीवरचा ओलीचा डाग तर तिने ब्रशने रंगवला.

गाडी तन्मयच्या कंपनीच्या आवारात उभी होती. एका दुपारी वैजयंतीबाई आत आल्या, सरळ पलंगावर जाऊन बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. ऋजुता बाहेर गेली आणि पोटभर रडली. मग तिने चहा टाकला.

त्या दिवसापासून त्या तिथेच राहू लागल्या आणि भिंत सरकू लागली. वैजयंतीबाईंनी चाळीस वर्षं कपडे शिवले होते, त्यामुळे खोलीभर ताणलेला पडदा ढिला पडतोय हे त्यांच्या हातांना लगेच कळलं. महिन्यातून एकदा त्या त्याच्या कडेला टीप घालत आणि हल्लीच्या कापडाला नावं ठेवत. भिंतीचा संशय त्यांना कधी आला नाही. तन्मयला मात्र ती टीप बघवेना. आईच्या डोळ्यांदेखत आपण तिचं घर चोरतोय, असं तो एकदा बायकोला म्हणाला.

अकराव्या महिन्यात घर निघालं. साताऱ्याचं पठार झालं, साक्रीचं झालं. खिडकीबाहेरची माणसं बदलत राहिली. हल्ली शेजार म्हणून काही टिकत नाही, एवढीच वैजयंतीबाईंची तक्रार होती. त्या सईला बटणं लावायला शिकवत आणि भिंतीला हात न लावता नळापर्यंत जात. दोन वर्षांत त्या एकदाही हरवल्या नाहीत.

काम संपलं तसं तन्मयने मिरजेचं घर उघडलं. खोली धुतली, खऱ्या पलंगावर आईची सोलापुरी चादर घातली. चोरलेलं परत करायची त्याला घाई झाली होती. गाडी दारातच लावून त्याने आईला हात धरून आत नेलं.

वैजयंतीबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पदर सावरून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ऋजुताने पाणी पुढे केलं, तर त्या अवघडून नको म्हणाल्या. नळ कुठे आहे, हेही त्यांनी तिलाच विचारलं. ऋजुताच्या तेव्हा लक्षात आलं. जुना नकाशा कुठे जपून ठेवलेला नव्हता. तोच तर त्यांनी रोज थोडा थोडा ओढून गाडीएवढा केला होता.

वैजयंतीबाईंनी मुलाला जवळ बोलावलं. "माणसं चांगली दिसतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण किती वेळ बसायचं? चल, घरी जाऊ."

"आई, हे आपलंच घर आहे."

 त्यांचे डोळे भरून आले.

"तुलाही विसरायला होतं का रे, बाळा?" त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नकोस. मी आहे ना. मला ठाऊक आहे घर."

त्याचा हात घट्ट धरून त्या उठल्या, कुणालाही न विचारता अंगण ओलांडून गाडीपाशी आल्या आणि आधी त्याला पायरी चढवून मग आपण चढल्या.