गौरीशंकरच्या गाडीचं पायडल

आमच्या गॅरेजसमोर गाड्या येतात त्या काळा धूर सोडत, नाहीतर कुणीतरी ढकलत आणलेल्या. पण भज्यांचा वास सोडत आलेली गाडी मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली!

हुरड्याचे दिवस होते, ऊन अंगाला गोड लागत होतं. मी ट्रॅक्टरखाली आडवी होते आणि तो वास आला तसे पोटात कावळे ओरडायला लागले. सरकून बाहेर बघते तर एक जुनी निळी गाडी, पुढच्या चाकांतून धूर, आणि शेजारी एक उंच मुलगा... केसांत भुसा, हातात पाण्याची बाटली. ती तो चाकावर ओतणार, एवढ्यात मी ओरडले.

"ओ! तापलेल्या चाकावर गार पाणी ओतता काय? तडकेल की ते!"

तो दचकला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "मेकॅनिक कुठं हायत?"

"तुमच्यावर ओरडतेय ती कोण दिसतेय?"

यावर लोक हसतात, नाहीतर "वडलांना बोलवा" म्हणतात. त्यानं मात्र बाटली पाठीमागं लपवली आणि "बरं" म्हणाला. मला ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू!

माझं नाव महेश्वरी. अप्पांची कंबर धरल्यापासून सास्तूरच्या रस्त्यावरचं त्यांचं गॅरेज मीच चालवते. पण त्या महिन्यात माझा जीव टांगणीला लागला होता. लातूरहून स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, अट एकच – लग्नानंतर पोरीनं पाना हातात धरायचा नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "एवढ्याशा गोष्टीसाठी स्थळ सोडतात व्हय?" एवढीशी गोष्ट! शिवरात्रीपर्यंत होय-नाही कळवायचं होतं, आणि नाही म्हणायला माझ्याकडं हट्टाशिवाय काही नव्हतं.

तर ती गाडी. ब्रेकचं पायडल दाबून बघितलं, दगड! चाक हातानं फिरेना. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि...

"करडई," मी म्हणाले.

त्यानं कपाळावर हात मारला. "काका...!"

हा गौरीशंकर, माकणीचा. घरी लाकडी घाणा. डबीतलं तेल कमी दिसलं म्हणून त्याच्या शरणबसप्पा काकांनी ताजं गाळलेलं करडईचं तेल ओतलं होतं.

"काका म्हणले, बाजारचं तेल भेसळीचं असतंय. आपलं कसं, शुद्ध हाय!"

मी इतकी हसले की ट्रॅक्टरला टेकावं लागलं. "शुद्धच आहे हो. पण आतली रबरं ते पिऊन फुगलीत. दाबलं की तेल चाकाकडं जातं, पण परत यायची वाट बंद. म्हणून ब्रेक चाकाला धरूनच बसलाय."

"सोडत न्हाय म्हणा की."

"नाही सोडत."

"समजू शकतो," तो म्हणाला आणि एकदम आकाशाकडं बघायला लागला.

सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, नवं ऑइल भरलं. उरली नळ्यांत अडकलेली हवा काढायची. ते काम एकट्याचं नव्हेच. एकानं आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकामागचा बारका नट सैल करून बुडबुडे सोडायचे, आणि नट परत आवळेपर्यंत आतल्यानं पाय हलवायचा नाही. अप्पा खाटेवर, म्हणून त्यालाच बसवलं.

"दाबा..."

"दाबलं."

"धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं!"

"न्हाय सोडणार." जरा थांबून, हळूच – "आता तुमी सांगितलं तरी अवघड हाय."

मी चाकामागं होते ते बरं. माझे कान तापले होते. आणि तेवढ्यात त्यानं पाय सोडला! दारातून वाकून माझं तोंड बघायला गेला होता. हवा परत आत.

"मन कुठंय तुमचं?"

"पायात तर न्हाय..."

चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात. पायडल मऊ लागतंय. थोडी हवा राहिलीच होती, खोटं नव्हतं. मग पुढच्या आठवड्यात पायडल पुरतं दाबलं जात नाही म्हणून आला. वाकून बघते तर खाली वाकळेचा तुकडा दुमडून अडकलेला! पाय गार पडू नयेत म्हणून त्याच्या आईनं अंथरला होता. येताना तो हुरडा आणायचा, शेंगदाण्याची चटणी आणायचा. मी चाकाशी बसले की शेजारी उकिडवा बसून विचारायचा, नट कुठल्या बाजूला फिरवायचा, किती आवळायचा. पोरीला हे कसं काय जमतं, असं एकदासुद्धा विचारलं नाही.

अप्पा खाटेवरून ओरडायचे, "त्या गाडीत ब्रेकशिवाय दुसरं काही बिघडत न्हाय का रे?"

आणि मी? मी रस्त्याकडं बघत बसायला लागले. एकदा निळा पाण्याचा टँकर आला आणि मी केस सारखे केले. काय म्हणावं आता!

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी अव्वानं फोन हातात कोंबला. "कळव लातूरला. आणि जीभ आवरून बोल." मी फोन धरून दारात उभी... आणि माकणीकडून बैलगाडी येताना दिसली. हाकायला गौरीशंकर. मागं दोरानं बांधलेली निळी गाडी, आणि तिच्यात शरणबसप्पा काका, हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून घामाघूम झालेले.

"पायडल तळाला टेकतंय," गौरीशंकर बैलांकडं बघत म्हणाला.

मी खाली वाकले. मागच्या चाकाचा हवेचा नट ढिला, त्यावर पान्याचे ताजे ओरखडे.

"हा कुणी सैल केला?"

त्यानं बैलांचा कासरा खाली ठेवला. मग – "म्या."

"ब्रेकशी खेळतोस? लाज नाही वाटत? वळणावर उसाचा ट्रॅक्टर आला असता म्हणजे? मेला असतास की रे! मग मी काय..." मी त्याला अरेतुरे करतेय हे तेव्हा ध्यानात आलं, आणि रडतेय हेसुद्धा.

"म्हणून तर बैलं जुंपली," तो घाईनं म्हणाला. "सैल केल्यावर इंजिन चालूच केलं न्हाय, तुमची शपथ! गाडी बरी झाली होती... मग इकडं कशाला चाललो म्हणून घरी सांगू? अन् काका बाजारात ऐकून आले, तुमचं लातूरचं ठरतंय..." त्यानं बैलांकडची नजर माझ्याकडं वळवली. "मला तुमी आवडता. लई. हे सांगायला आलो. सांगून जातो."

"आणि मी माकणीला आले तर? गॅरेजचं काय?"

"काय म्हंजे? सकाळी इकडं यायचं, संध्याकाळी घरी. सैपाक येतो मला. तेल तर घरचंच हाय!"

"झालं का तुमचं?" गाडीतून काका कळवळले. "हात भरून आले रे माझे!"

अप्पा कंबर धरत उठले. महिनाभरात पहिल्यांदा. वाकून नट बघितला, बैलं बघितली, मग गौरीशंकरला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"थाप मारायला निघाला, तेबी बैलं जुंपून," अप्पा म्हणाले. "गाडी चालवत आला असतास तर काठीनं बडवला असता. बस. चहा घे." मग माझ्याकडं वळले. "फोन तुझ्या हातात हाय, पोरी. तुझं तू बोल."

अव्वा दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मग चहाचं आधण ठेवायला आत गेली.

मी नंबर लावला. बोटांच्या ग्रीसनं काच काळी झाली. पलीकडून "हॅलो" आलं तेव्हा मी गौरीशंकरकडंच बघत होते.

"नमस्कार, सास्तूरहून महेश्वरी बोलतेय. राग मानू नका... पण माझं लग्न ठरलंय."

गौरीशंकरचं तोंड उघडंच राहिलं. मग तो गाडीकडं धावत ओरडला, "काका! ठरलं म्हणे! आमचं ठरलं!"