उजव्या कडेने झिजलेलं रबर

चढ संपतो तिथे जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणारं एक वर्कशॉप होतं. त्याच्या मालकाला सगळे ‘ओरिजिनलशेठ’ म्हणत. खरं नाव तेवढं लाइटबिलावर उरलं होतं. गिऱ्हाइकाने साधा बोल्ट मागितला, तरी शेठ तो फडक्याने पुसायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "ओरिजिनल आहे. नकली माल मी शत्रूलाही देत नाही."

खोटं नव्हतं ते. शत्रूला कधीच दिला नव्हता. दिला होता तो मित्राला.

त्या मित्राची बायको एका सकाळी वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. हातात एक जाड वही.

"भावजी, डॉक्टरांची गाडी उभी करायची आहे," वहिनी म्हणाल्या. "जशी होती तशी. लेक नोकरीला लागली, तिला द्यायची म्हणते."

शेठनी हातातला चहा खाली ठेवला. अकरा वर्षं ती दोन सीटची लाल गाडी वहिनींच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती.

"वहिनी, तिचं पुढचं सगळं चेपलंय. नवीच घेऊ ना चांगली एखादी..."

"नवी नको. ह्यांनी सगळ्या भागांचे नंबर लिहून ठेवलेत." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "ह्यातला प्रत्येक नंबर गाडीत दिसला पाहिजे. लेकीला आजवर एकच सांगत आले, तुझ्या बाबांना घाई होती. त्या घाईने आपल्याला उघड्यावर टाकलं. मी अजून माफ केलेलं नाही त्यांना, भावजी. म्हटलं, गाडी तरी माफ करून टाकावी."

शेठ मान खाली घालून वही चाळत राहिले. ब्रेकच्या पानावर डॉक्टरांचं बारीक अक्षर होतं. ‘मास्टर सिलिंडर’, आणि पुढे नंबर.

हा मास्टर सिलिंडर म्हणजे मुठीएवढा लोखंडी तुकडा. पेडल दाबलं की तो ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो. अकरा वर्षांपूर्वी तशाच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीला, प्रदर्शनात मांडण्यासाठी, नंबराचा अस्सल तुकडा हवा होता. डॉक्टरांची गाडी तेव्हा सर्व्हिसिंगला आलेली. शेठनी त्यांचा तुकडा काढला आणि हुबेहूब दिसणारी नक्कल बसवली. दोन महिन्यांचा तर प्रश्न, मग परत बसवू, कोणाला कळतंय!

नकलेतलं रबर ऑइलमध्ये फुगलं. उताराच्या वळणावर पेडल तळाला गेलं आणि गाडी रस्त्याकडेच्या मोरीत जाऊन आदळली. डॉक्टर जागीच गेले. चौकशीला आलेल्या साहेबांनी जाणकार म्हणून ज्याचं मत घेतलं, तो माणूसही हाच. शेठनी कागदावर लिहून दिलं होतं : ब्रेक व्यवस्थित, वेग जास्त.

अपघात प्रदर्शनाआधीच झाला; मग अस्सल तुकडा तिथे गेलाच नाही. मेणकापडात गुंडाळलेला तो आतल्या कपाटात पडून होता. त्या कपाटाची किल्ली शेठ कोणाला देत नसत.

काम सुरू झालं. म्हातारा पेंटर, ज्याला सगळे मामा म्हणत, पॉलिशपेपरने एक-एक थर घासत मूळ रंगापर्यंत पोचला.

"सापडला बघा शेठ, आतला लाल! माणसालाही असंच घासून बघता आलं असतं तर?"

"तू तुझं काम बघ, मामा."

"बघतोय की! तुम्हीच आज ओरडताय उगीच."

मास्टर सिलिंडरची पाळी आली तेव्हा शेठनी कपाट उघडलं नाही. बाहेरून चांगला नवा तुकडा मागवला आणि सगळे जेवायला गेलेले बघून वहीतला नंबर त्यावर स्वतः ठोकला. तिन्ही पेडलांना नवी रबरं चढवली, चौकटीची जाळी असलेली, करकरीत.

दुसऱ्या दिवशी ब्रेकचं रबर झिजलेलं होतं.

क्लच कोरा, ॲक्सिलरेटर कोरा. ब्रेकच्या रबराची मात्र उजवी कड घासून गुळगुळीत झालेली, वर्षानुवर्षं पाय घासावा तशी. शेठनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ओळखलं. डॉक्टरांचा उजवा घोटा जुन्या दुखापतीने आखडलेला होता. पाय सरळ पडायचाच नाही. ब्रेक ते तळव्याच्या बाहेरच्या कडेने दाबायचे.

"माल खराब निघाला," शेठ पुटपुटले आणि दुसरं रबर चढवलं. तेही झिजलं. मग तिसरं.

चौथ्या दुपारी मामा गाडीच्या मागून ओरडला, "शेठ, ब्रेक दाबून कोणाला बसवलंय?"

"का?"

"मागचा दिवा लागलाय ना!"

बॅटरी अजून बसवायची होती. ती भिंतीपाशी लाकडी फळीवर ठेवलेली होती, दोघांनाही दिसत होती. रस्त्यावर भर उन्हात रहदारी चालली होती आणि आत त्या लाल काचेमागे दिवा लागत होता, विझत होता. तीनदा. थोडं थांबून पुन्हा तीनदा. पेडल तळाला जाऊ लागलं की माणूस करतो तसं, भराभर. आणि आवाज... फुस्, ठप. फुस्, ठप. ब्रेक ऑइलचा गोडसर, घशात बसणारा वास सगळीकडे पसरला.

मामाने पॉलिशपेपर खाली ठेवला. "शेठ... ह्या गाडीला काय हवंय?"

शेठनी कंबरेची किल्ली काढली, आत गेले, मेणकापड सोडलं. त्याच संध्याकाळी त्यांनी अस्सल तुकडा, ताजी रबरी वायसरं घालून, गाडीत बसवला. नट सहज फिरले, जणू जागा वाट बघत होती. त्यानंतर दिवा लागला नाही. रबर झिजलं नाही. चुकलं होतं ते भरून दिलं, अशी शेठनी मनाची समजूत घातली.

महिन्याने ते गाडी वहिनींच्या दारात घेऊन गेले. मागून मामा शेठची व्हॅन घेऊन आला, ती फाटकाबाहेर लावली आणि गंजरोधक रंगाच्या कामाला पायीच पुढे निघून गेला. वहिनींनी वही उघडली, चष्मा चढवला आणि बॉनेटखाली वाकून एकेक नंबर ताडून पाहिला. ब्रेकपाशी बोट थांबलं.

"हाही जुळला. म्हणजे हा तेव्हापासूनचाच?"

"हो... तोच."

"नवल आहे. आजूबाजूचं सगळं चेपलं, ह्याला ओरखडासुद्धा नाही."

आता. आत्ताच बोलायचं होतं. शब्द जिभेवर आले होते : वहिनी, त्यांना घाई नव्हती. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, चष्म्यावरून, शांतपणे.

"नशीब म्हणायचं," शेठ म्हणाले.

वहिनींनी वही मिटली. "तुम्ही होतात म्हणून झालं, भावजी."

शेठ जवळजवळ पळतच व्हॅनमध्ये जाऊन बसले. समोर बाजारापर्यंत लांबच लांब उतार. किल्ली फिरवायच्या आधी नजर सहज पायाशी गेली. व्हॅनच्या ब्रेकचं रबर गेल्याच महिन्यात बदललेलं. त्याची उजवी कड गुळगुळीत झाली होती. शेठनी दोन्ही पाय सीटवर उचलून घेतले. तरीही पेडल हळूहळू खाली गेलं... आणि वर आलं.

"सावकाश जा हं, भावजी!" फाटकातून वहिनी म्हणाल्या. "घाई नको."

शेठ खाली उतरले. "व्हॅन राहू दे इथे. जरा पाय मोकळे करतो." आणि उतार पायी उतरले, मागे न बघता.

व्हॅन नेण्याचं त्यांनी आज-उद्यावर ढकललं. आठव्या दिवशी, दुपारी, फोन वाजला.

"भावजी, व्हॅन कधी नेताय? मागचे दिवे लागतात हो तिचे. लेक म्हणाली, बॅटरी उतरली असेल, बघते. आत जाऊन बसली होती ती. बाहेर आली ती रडतच. म्हणते, ब्रेकचं रबर उजवीकडून झिजलंय, अगदी बाबांसारखं. भावजी... डॉक्टर तुमच्या व्हॅनमध्ये कधी बसले होते?"

शेठनी फोन घट्ट धरला. पलीकडून, वहिनींच्या श्वासामागून, फाटकाबाहेरच्या व्हॅनचा आवाज येत होता. फुस्, ठप. फुस्, ठप.

"भावजी? ऐकताय ना?"