कल्ल्यामागचा गळ

कटाहो तलावातला आजवरचा सर्वांत मोठा बास मासा पकडायचा, जिवंत धक्क्यावर आणायचा आणि मर्लीनच्या वजनकाट्यावर तोलायचा! मार्चमधल्या त्या सकाळी ओडेल ब्रॅनमची होडी एवढ्याच कामासाठी निघाली होती. विक्रम होता पंधरा पौंड सहा औंसांचा. तो मोडला, तर धक्क्यावरच्या दुकानातल्या विक्रमांच्या फळीवर पकडणाऱ्याचं नाव लागणार होतं आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, वाटाड्याचं. त्या बारीक अक्षरांसाठी ओडेल एकतीस वर्षं झुरत होता. दुकान चालवणाऱ्या बहिणीला, मर्लीनला, त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला ते न सांगताच कळत होतं.

ओडेल फक्त अनुभवी माणसांनाच तलावावर नेई. नवखे लोक गळ स्वतःच्याच टोपीत अडकवतात, होडीत उभे राहून डुलतात, म्हणून हा नियम त्याने स्वतःच केला होता. अलीकडे त्याला त्याच नियमाचा वीट आला होता. नवखा माणूस निदान विचारतो तरी! अनुभवी माणूस विचारत नाही, सांगत सुटतो.

आजचे दोघे तसेच. डॉक्टर लँडन क्रेब्स दातांचा डॉक्टर. अंगातल्या सदऱ्यावर गळ-दोऱ्यांच्या कंपन्यांची इतकी चिन्हं की मूळ कापडाचा रंग दिसू नये. गालात तंबाखूची गोळी, हातात प्लास्टिकची बाटली, आणि दर दोन मिनिटांनी त्या बाटलीत तपकिरी पिंक. होडीने वेग घेतला की बाटली तळावर गडगडत ओडेलच्या बुटांपाशी येई आणि तो ती पायाने परत ढकली. दुसरा हॉलिस मेबरी, टायरांचं दुकान चालवणारा, डॉक्टरचा वीस वर्षांचा मासेमारीतला जोडीदार.

"कॅप्टन, फ्लोरिडात मी असल्या होडीत बसतसुद्धा नाही," क्रेब्स म्हणाला. त्याने गळाला लावलेल्या रबरी सरड्यावर कसलासा वास फवारला. लसणाचा भपकारा सगळ्या होडीत पसरला. "माशाला हा वास आवडतो. तुला माहीत असेलच."

"माशाचं माहीत नाही, डॉक्टर. मला मात्र आजचं जेवण जाणार नाही."

हॉलिस खो-खो हसला. "याचं मनावर घेऊ नका, कॅप्टन. दवाखान्यात हा दात उपटतो, इथे मासे. फरक एवढाच, की माशांना भूल देत नाही!"

"तू तुझी टायरं फुगव," क्रेब्स म्हणाला आणि पुन्हा बाटलीत थुंकला.

टॅटमच्या ओढ्याचं तोंड गाठायला तासभर लागला. धरण बांधलं तेव्हा तिथलं अख्खं जंगल उभंच्या उभं पाण्यात गेलं होतं. आता वर दिसत होती ती पांढरी पडलेली, सालं गळून गेलेली खोडं, आणि त्यांच्या दसपट खुंट पाण्याखाली दडलेले, कुठे हातभर खोल, कुठे वीतभर. त्यांच्यामधून ओडेल होडी अशी काढत होता, जशी एखादी बाई अंधाऱ्या माजघरातून निजलेली पोरं ओलांडत जाते. पुढे ओढा रुंदावला. वाऱ्याची झुळूक नाही, पाणी काचेसारखं, आणि तळाशी परातीएवढा एक स्वच्छ, फिकट गोल. बासने शेपटीने झाडून केलेला अंड्यांचा वाफा!

त्यावर ती मादी उभी होती.

तीन आठवड्यांपूर्वी ओडेलने तिला पहिल्यांदा पाहिलं होतं. तेव्हापासून त्याने तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"अरे देवा!" हॉलिस कुजबुजला. "ही मासोळी आहे की डुक्कर?"

"सोळा पौंड," क्रेब्स म्हणाला. "सोळाच्या वरच." थुंकायचंही तो विसरला.

दोन तास गेले. सरडा वाफ्यावर पडे, मादी त्याच्याकडे पाही आणि वळे. तिच्यापेक्षा कितीतरी लहान नर मात्र पुनःपुन्हा धावून येई, सरड्याची शेपटी धरून त्याला बाहेर नेऊन टाकी. मादीने तोंड उघडलं नाही ते नाहीच.

उत्तरेला क्षितिजावर निळसर-काळी रेघ उमटली होती. ओडेलने ती पाहिली. ती उत्तरेच्या गार वाऱ्याची खूण. तो आला की सावरायला वेळ देत नाही. अर्ध्या तासात उन्हाळ्याचा हिवाळा करतो.

"डॉक्टर, निघायला हवं."

"अजून दोनदा टाकतो."

ओडेलने मोटर सुरू करायला हवी होती. त्याने केली नाही. त्यालाही अजून दोनदा हवंच होतं.

क्रेब्सने सरडा वाफ्यापलीकडे टाकला, हळूहळू ओढत मादीच्या कुशीपाशी आणला, तिथे क्षणभर थांबवला. मादीचं तोंड मिटलेलंच होतं. आणि त्याने हिसका दिला! दोन्ही हातांनी, खांद्यापासून!

पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली. रीळ किंचाळलं. मादी खुंटाकडे धावली. हॉलिस ओरडला, "डावीकडे! डावीकडे घे!" ओडेलने जाळी खुपसली, उचलली, आणि सगळं वजन होडीत धपकन पडलं.

त्याने पाहिलं. गळ तोंडात नव्हता. कल्ल्यामागे, पराच्या बुडाशी, मांसात रुतला होता.

तोंडाबाहेर गळ लागलेला मासा तिथल्या तिथे सोडायचा, हे कटाहोवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. क्रेब्सची पाठ ओडेलकडे होती. चिमटा त्याच्या हातात आलासुद्धा. दात उपटणाऱ्या मनगटाचा एकच पीळ, आणि गळ निघाला. जखमेतून रक्ताची बारीक धार लागली.

"तोंडातच होता ना, कॅप्टन?" मागे न पाहता क्रेब्सने विचारलं. "विक्रमाच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुझीच सही लागेल."

हॉलिस दोरा गुंडाळण्यात गुंतला होता. निदान तसं दाखवत होता.

"हं," ओडेल म्हणाला.

एवढंच. पण तो आवाज आपल्या घशातून आला, याची त्याला शिसारी आली. त्याने मागच्या बाजूच्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं, मादीला आत सोडलं, पंप लावला.

मग वारा आला!

आधी झाडांच्या सापळ्यांमधून लांबलचक घोंघावणं, मग थंडीची थप्पड, मग सगळं पाणी एकदम करडं. ओढ्यातून बाहेर पडताच लाटा होडीच्या नाकावरून आत फुटू लागल्या. खोल पाण्यातली वाट लांबची होती, पण सुरक्षित. खुंटांमधली वाट निम्मी होती. टाकीतली मादी रक्त गाळत होती. तासभर उशीर झाला तर तिची तडफड संपलेली असणार. मेलेल्या माशाला फळी नव्हती.

ओडेलने होडी खुंटांकडे वळवली. एकतीस वर्षांत अशा लाटांत त्याने हे कधी केलं नव्हतं.

"शाब्बास, कॅप्टन!" क्रेब्स ओरडला.

त्या शाबासकीने ओडेलच्या अंगावर काटा आला. पुढच्याच क्षणी होडी लाटेवरून खाली आली आणि पाण्याखालच्या खुंटावर आदळली. धाड! मोटर उसळली, पातं तुटलं, मागचा तळ एका कोपऱ्यात तडकला. हॉलिस तोंडावर पडला. पाणी आत येऊ लागलं, बुटांवर, मग घोट्यांवर, आणि त्यात तरंगत आली ती थुंकीची बाटली, झाकण निघालेली!

"उपसा!" ओडेल ओरडला. "हॉलिस, बादली घ्या! डॉक्टर, मागचं वजन कमी करा!"

पुढच्या छोट्या विजेच्या मोटरवर तो होडीचं नाक कसंबसं वाऱ्याकडे धरून होता. मागची बाजू खचत चालली होती. प्रत्येक लाट मागच्या कठड्यावरून आत डोकावून जात होती. क्रेब्सने बर्फाची पेटी फेकली. मग गळांची पेटी. मग दुसरी पेटी. मग एकामागून एक काठ्या, एकेक काठी हॉलिसच्या महिन्याच्या भाड्याएवढ्या किमतीची!

"माझी नको रे!" हॉलिस केविलवाणा ओरडला.

"बुडायचंय का तुला?"

"मग टाकी रिकामी कर ना, गाढवा! सव्वाशे किलो पाणी आहे तिच्यात!"

क्रेब्स टाकीच्या झाकणावर बसला. खरोखरच बसला, मांडी ठोकून, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. "टाकीला कुणी हात लावायचा नाही!"

लाट आली. मागच्या खचलेल्या कठड्यावरून सरळ आत! होडी एका अंगावर कलली, जरा विचार केल्यासारखी थांबली आणि नाइलाजाने सावरली. अशी आणखी एक आली की संपलं.

ओडेलने पुढची मोटर हॉलिसच्या हाती दिली. "नाक वाऱ्यात ठेवा. काही झालं तरी वाऱ्यात!" आणि तो गुडघाभर पाण्यातून मागे सरकला. "उठा, डॉक्टर."

"एकतीस वर्षं, ओडेल. तुझी बहीण काल सांगत होती. एकतीस वर्षं तू हिची वाट पाहतोयस."

"उठा."

त्याने क्रेब्सला जॅकेटच्या पट्ट्याला धरून बाजूला ओढलं. झाकण उघडलं. आतलं पाणी गुलाबी झालं होतं. मादी कुशीवर पडली होती, आणि तिच्या पोटातून अंडी गळत होती. पिवळसर, चिकट, हजारो अंडी. टाकीच्या भिंतींना, जाळीला, पंपाच्या तोंडाला लडीलडीने लगडलेली. वाफ्यावर घालायची अंडी ती प्लास्टिकच्या पेटीत घालत होती! ओडेलने हात आत घातले आणि ती त्याच्या मनगटांना चिकटली. त्याने मादीला कवेत घेतलं आणि पायाने टाकीचं बूच उडवलं. पंप खडखडत पाणी बाहेर ओकू लागला.

क्रेब्सने त्याचा दंड पकडला. "फळीवर नाव लागणार नाही तुझं! कधीच!"

"गळ कल्ल्यामागे होता," ओडेल म्हणाला. "मी पाहिलं."

पुढून हॉलिसचा आवाज आला. "मीही पाहिलं, लँडन."

क्रेब्स दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होतं. "मग तेव्हा दोघांच्या तोंडात काय होतं रे?"

ओडेल कठड्यावरून वाकला.

ओडेलने मादीला पाण्यात धरलं, तोंड लाटेकडे करून. एक लाट, दुसरी, तिसरी. कल्ले हलले. मग ती त्याच्या हातांतून जड दगडासारखी खाली गेली. पोहत गेली की बुडत गेली, हे त्या करड्या पाण्यात दिसलं नाही.

होडीचं मागचं अंग वीतभर उचललं गेलं. तेवढी वीत पुरली! पुढची लाट आत न येता तळाखालून गेली. ओडेलने आपला रेनकोट तडकलेल्या तळाच्या फटीत कोंबला, वर क्रेब्सला उभं केलं, "इथून हलायचं नाही, डॉक्टर," आणि स्वतः बादली घेतली. खोडाखोडाच्या आडोशाने, कुठे मोटरवर, कुठे हातांनी खोड ढकलत, ते पूर्वेच्या उंचवट्यामागे शिरले. तिथे पाणी शांत होतं. गारा पडल्या, थांबल्या. हॉलिसच्या खिशातून भिजलेलं चीज सँडविच निघालं. त्याने ते तिघांत वाटायला काढलं, वास घेतला आणि पाण्यात टाकून दिलं.

दुपारी चारला ते धक्क्याला लागले. वाऱ्यामुळे परतलेल्या होड्यांची माणसं तिथे उभीच होती, आणि मर्लीनही, डोक्यावर शाल घेऊन. क्रेब्सचे पाय जमिनीला लागले मात्र, त्याला कंठ फुटला.

"सोळा पौंड! देवाशपथ सांगतो, सोळाच्या वर! टाकीत होती. वादळाने नेली. नाहीतर आज तुमच्या फळीची उलथापालथ झाली असती!" त्याने ओडेलच्या खांद्यावर हात टाकला. "विचारा कॅप्टनला. तोंडातच होता ना गळ?"

सगळे ओडेलकडे वळले. म्हातारे वाटाडे, पोरंसोरं, मर्लीन. त्यांच्या डोळ्यांत आधीच कौतुक होतं. फळीवर नव्हे, पण या धक्क्यावर पुढची वीस वर्षं ही गोष्ट त्याच्या नावाने सांगितली गेली असती. त्यासाठी फक्त एक हुंकार पुरे होता.

त्याने खांद्यावरचा हात काढून टाकला.

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे झुकावं लागलं. "कल्ल्यामागे होता. ओरबाडून काढली तिला, वाफ्यावरून. आणि मी ते पाहून 'हं' म्हटलं. यांना तिथे नेलं मी, जागा दाखवली मी, आणि घाई करून होडी फोडली तीही मीच."

कुणीतरी घसा खाकरला. माणसं एकेक करत आपापल्या होड्यांकडे गेली. क्रेब्स ताडताड पावलं टाकत गाडीत जाऊन बसला आणि त्याने काच वर केली.

मर्लीन जवळ आली.

"आत ये," ती म्हणाली. "कॉफी ठेवलीय."

"होडी वर घ्यायचीय आधी."

हॉलिस होडी ओढायचा गाडा घेऊन उताराशी आला. दोघांनी मिळून होडी चढवली. तडकलेल्या तळातून पाण्याची धार सुटली आणि उतारावरून तलावाकडे वाहू लागली. ते दोघे, भिजलेले, कुडकुडत, ती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.