मागच्या खुर्चीतली मिशी

ब्युनोस आयर्समध्ये फेब्रुवारीत कुणी वेडं होऊ नये. शहरातले झाडून सगळे मनाचे डॉक्टर तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीला समुद्रावर गेलेले असतात.

एवारिस्तोला हे ठाऊक होतं, पण शनिवारी त्याचं लग्न होतं. मोलाच्या क्षणी 'हो' म्हणायला तोंड उघडलं की त्याला उचकी लागायची. पाहुण्यांत हशा पिकायचा. दोन नवऱ्या त्यापायी हातच्या गेल्या होत्या. तिसरी, नोर्मा, फटकळ होती. "या वेळी उचकलास ना, तर फोटोवाल्याशी लग्न लावीन!" तिने बजावलं होतं. आणि एवारिस्तोचा तर तिच्यावर जीव होता.

मंगळवारी दुपारी पाच वर्षांच्या सवयीने पाय त्याला झुलेमा डॉक्टरीणबाईंच्या दाराशी घेऊन आले. दार किलकिलं होतं. वीज गेलेली, खिडक्या बंद. आत दाढीच्या साबणाचा मंद वास येत होता. तो नेहमीप्रमाणे कोचावर आडवा झाला. मागे खुर्ची करकरली.

"बाई, तुम्ही गेला नाहीत?"

"हं..."

त्याला हायसं वाटलं. पेशंटने मागे वळून पाहायचं नसतं, आणि ऐकताना बाई एवढंच बोलायच्या.

"मी सहा वर्षांचा होतो. बाबा शवपेटीत. काकू म्हणाली, शेवटचा पापा देतोस ना? मी 'हो' म्हणालो आणि उचकी लागली. तिने सगळ्यांदेखत थोबाडीत दिली."

"आणि...?"

"आणि काय..." तो थबकला. "उचकी नव्हती हो ती! हसू दाबत होतो. बाबा न्हावी. जन्मभर मिशीची टोकं वर वळवलेली. आणि त्या मेल्या शवपेटीवाल्यांनी ती खाली विंचरून ठेवली होती. ओल्या मांजरासारखी!"

तो खो खो हसला. हसता हसता रडू फुटलं, आणि चाळीस वर्षं अडकलेलं ते रडणं काही केल्या थांबेना.

अंधारात खुर्ची पुन्हा करकरली.

"मलाही... नव्हती आवडली."

आवाज पुरुषाचा होता. एवारिस्तोच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण सवयीची मान वळेना.

"आज... इथेच थांबू." वेळ संपली की बाई म्हणायच्या, अगदी तसंच.

तो धूम पळाला. खाली रखवालदार फुटपाथ धूत होता. "वरून आलात? अहो, बाई एक तारखेलाच गेल्या. दाराला कुलूप आहे, किल्ली ही माझ्या कमरेला!"

शनिवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रश्न विचारला. नोर्माने डोळे वटारले. फोटोवाल्याने उगाच टाय सारखा केला. एवारिस्तोने श्वास घेतला.

"हो."

स्वच्छ, खणखणीत! नोर्माच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात मागून, वडिलांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पहिल्या बाकावरून, एक उचकी ऐकू आली. कुणीतरी हसू दाबत असल्यासारखी. पाठोपाठ दाढीच्या साबणाचा वास आला.

सगळे वळून बघू लागले. एवारिस्तोने मान वळवली नाही. फक्त स्वतःच्या मिशीची दोन्ही टोकं वर वळवली.