एका नावाच्या दोघी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला कोणाशी हुज्जत घालायची नाही.

ब्लुमे माझी सासू. त्यांचं-माझं गूळपीठ कधीच नव्हतं. त्यामुळे त्यांच्यासाठी मी खोटं बोलेन असं मनातही आणू नका.

जुलै २००३. माँटेव्हिडिओ. भर दुपार, पण हिवाळ्याची; पृथ्वीच्या या टोकाला जुलैत थंडी असते. नदीवरून असा वारा सुटला होता की खिडक्या एकसारख्या वाजत होत्या.

चौथ्या मजल्यावर सासूबाई आणि त्यांची आई, मालके आजी, अशा दोघीच राहायच्या. मी खालच्या मजल्यावर. आजी एकोणनव्वदच्या. पाय गेलेले, पण जीभ शाबूत.

त्या दिवशी जर्मनीहून एक जाड पाकीट आलं.

त्याची वाट आजी दोन वर्षं बघत होत्या.

आजींची एक धाकटी बहीण होती. तिचंही नाव ब्लुमे. आजी सदतीस साली बोटीने इकडे आल्या, ही बहीण, म्हणजे सासूबाईंची मावशी, पोलंडमध्येच राहिली. तिचे टपालाने पाठवलेले फोटो तेवढे वाचले. गावात राहिलेलं काहीच वाचलं नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले चौदा फोटो. एकात मावशी सायकल धरून उभी आहे. वय सतरा असेल. हसू दाबतेय.

पंचेचाळीसच्या मे महिन्यात आजींच्या गावकऱ्यांच्या इथल्या मंडळाला पत्र आलं. गावातलं कोणी उरलं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही.

पुढच्याच महिन्यात आजींना मुलगी झाली. प्रार्थनाघरात तिचं नाव ठेवलं, ब्लुमे.

आम्हा ज्यू लोकांत नाव गेलेल्या माणसाचंच ठेवतात. जिवंत माणसाचं कधीच नाही. जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं, तर त्याचं आयुष्य बाळाकडे वळतं म्हणतात. मला विचाराल तर माझा विश्वास नाही. पण माझ्या मुलांच्या वेळी मीसुद्धा दहादा चौकशी करून नाव ठेवलं.

मावशी गेली ती तारीख मात्र कोणालाच माहीत नव्हती. आजी दरवर्षी अंदाजानेच तिच्या नावाचा दिवा लावायच्या.

"वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवू?" त्या म्हणायच्या. "अठ्ठावन्न वर्षं दिवा लावला, तोही भलत्याच दिवशी. तारीख तेवढी आण गं."

म्हणून सासूबाईंनी तिकडच्या कागदपत्रांच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं.

त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. घरात यिडिश बोलायचे, त्यामुळे जर्मन अर्धंमुर्धं कळायचं त्यांना.

एका दवाखान्याच्या कार्डाची नक्कल होती. वर फोटो. केस कापलेली, डोळेच डोळे राहिलेली एक मुलगी. नाव, गाव, आई-वडील... सगळं जुळत होतं.

छावणीतून जिवंत सुटली. वजन एकतीस किलो. मग तेहेतीस. मग चौतीस. प्रकृती सुधारते आहे.

नातेवाईक : बहीण मालके, माँटेव्हिडिओ. कळवावे.

कोणी कळवलं नव्हतं.

खाली शेवटची ओळ. मृत्यू, १६ जून १९४५. रात्री.

सासूबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

त्यांचा जन्म १४ जूनचा. आणि नाव ठेवलं तो शनिवार होता... १६ जून. सकाळी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आजींनी हाक मारली.

"ब्लुमे, टपाल आलं का?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. पण त्याआधीच...

"हं."

बोळातून आला आवाज. तरुण मुलीचा.

बोळात कोणी नव्हतं.

सासूबाईंनी पाकीट कपाटात चादरींच्या खाली कोंबलं. आजींना सांगितलं, पाण्याचं बिल आलंय. एकच गोष्ट मनाशी पक्की केली. आईला हे कळता कामा नये. आपण बहिणीचं नाव ती जिवंत असताना काढून घेतलं, हे कळलं तर म्हातारी तशीच मरेल, आणि तळमळत मरेल.

पण त्या दिवसापासून तेच सुरू झालं.

आजी हाक मारायच्या, "ब्लुमे." आणि सासूबाईंच्या आधी कोणीतरी ओ द्यायचं.

कधी बोळातून. कधी न्हाणीघरातून. एकदा तर... सासूबाईंच्या अगदी पाठीमागून.

"सर्दी गेली वाटतं तुझी," आजी म्हणाल्या. "आवाज बरा लागलाय. नाहीतर रोज कोंबडीचा गळा धरल्यासारखी बोलतेस."

सासूबाई हसल्या. हसावंच लागलं.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. सायकलचा फोटो काढला.

सायकल होती. भिंतीला टेकलेली.

मावशी नव्हती.

आणि आतल्या खोलीत कोणीतरी बोलत होतं... दोघी जणी.

सासूबाई धावत गेल्या. आजी एकट्याच होत्या. पण पायथ्याशी गादी दबली होती, कोणी बसून उठावं तशी.

आजींचा चेहरा ओला होता.

"चौतीस किलो झालं होतं तिचं," त्या म्हणाल्या. "हळूहळू वाढत होतं म्हणे. आणि मी तिचं नाव तुला देऊन टाकलं."

तो आकडा फक्त त्या कागदावर होता.

"आई, आजाराने गेली ती. छावणीने मारलं तिला. नावाने कोणी मरत नाही."

"तू नकोच बोलूस. तू त्याच नावावर अठ्ठावन्न वर्षं जगलीस."

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना नुसतं पाणी दिलं. दुसरं काय करणार?

आजींनी एकच हट्ट धरला. तिचं नाव तिला परत द्या.

आमच्यात आजारी माणसाला नवं नाव देतात, मृत्यूला पत्ता लागू नये म्हणून. धडधाकट बाईचं नाव काढून घेतलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनीही कानावर हात ठेवले.

"या वयात बारसं करून घेऊ का माझं?" सासूबाई त्यांना म्हणाल्या. मग तिथेच रडल्या. रब्बी विरघळले. त्या शनिवारी प्रार्थनेत सासूबाईंचं नाव खाये, म्हणजे 'जिवंत', असं झालं.

दुपारी त्या आजींच्या उशाशी बसल्या. आजींना सकाळपासून धाप लागली होती. मी सूप घेऊन वर गेले, आणि दारातच थांबले.

"ब्लुमे," आजींनी हाक मारली.

सासूबाई गप्प. ते नाव आता त्यांचं नव्हतं.

आम्ही दोघींनी कान टवकारले...

कोणीच ओ दिली नाही.

"ब्लुमे. ए ब्लुमे."

बोळ शांत. वारासुद्धा पडला होता.

आजी हाका मारत राहिल्या. दहा वेळा, वीस वेळा. आवाज बसत चालला, तरी थांबेनात. नाव परत मिळालं तशी ती निघून गेली असेल, असं मला वाटलं. इतकं पोरकं घर मी आयुष्यात पाहिलं नाही. हातातलं सूप गार झालं.

शेवटी आजी कुजबुजल्या, "राग धरलास का गं माझ्यावर?"

आणि उशाकडून आवाज आला...

"नाही गं ताई."

आजींनी डोळे मिटले. मंगळवारी त्या गेल्या, झोपेतच.

सासूबाई म्हणतात, ते त्याच बोलल्या. आई तळमळू नये म्हणून. आणि तेच त्यांना खातंय. "आधी त्या पोरीचं नाव घेतलं," त्या म्हणतात, "आणि वर तिच्या वतीने माफीही मीच देऊन टाकली. मला काय अधिकार होता?" आता खरी तारीख ठाऊक आहे, तर त्या १६ जूनला दिवा लावतात, आणि त्याच्यासमोर मान खाली घालून बसतात.

पण मी दारात होते.

सासूबाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता, रडू फुटू नये म्हणून. तोंडात रुमाल असताना इतकं स्वच्छ बोलता येत नाही. त्यांच्या मनात तेच शब्द असतील, म्हणून आपणच बोललो असं त्यांना वाटलं असावं.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांच्या जिवाचं ओझं उतरेल, कळतं मला. रोज जिना चढते ते ठरवूनच चढते.

पण त्या आता त्या घरात एकट्याच राहतात.